मोनसिन्योरचे गुडघे

कोल्लेफावा, २ मार्च १९५९

इओलान्दा,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी या खेपेला शेवटी लिहीन म्हणते. लिहिता लिहिता राग किती उतरतो ते पाहून ठरवू.

तुला बोलावण्यासाठी हे पत्र नाही. बातमी कळवायची म्हणून लिहीत आहे. आपला म्हातारा बैल जानेवारीत गेला. तुझे बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तू लग्न करून गेलीस तेव्हा ते एकच दिवस जेवले नव्हते, हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

नवा बैल आणला आहे. पांढराशुभ्र, शिंगं सुरेख, आणि चाल अशी की जणू कुणी बडा धर्मगुरू सगळ्या गावाला पापक्षमा वाटत निघालाय. म्हणून बाबांनी त्याचं नाव ‘मोनसिन्योर’ ठेवलं. डॉन एर्मेतेंच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, “पान्फिलो, मी या गावात तीस वर्षं नुसता पाद्री आहे आणि तुझा बैल आल्या आल्या माझ्या वर?” पण नाव आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय.

बसत नाही तो बैल. पेन्टेकॉस्टच्या सणाला, सोमवारी, आपल्या संताची, सान लिबेरोची, मूर्ती चौकात येईल तेव्हा याने गुडघे टेकायला हवेत, आणि अजून हा नुसता उभा राहून रवंथ करतो. बाबा दोरी ओढतात, काठीने गुडघ्याला टिचकी मारतात, लाडीगोडी लावतात, शिव्या देतात. तो त्यांच्याकडे असा बघतो की बाबाच ओशाळून बाहेर येतात. सणाचं बघणाऱ्या बंधुमंडळाचे चेझिदिओकाका दर रविवारी चर्चबाहेर विचारतात, “काय एर्सिलिया, बसला का?” वरून असंही सुचवतात की त्यांच्या मेव्हण्याकडे एक बैल आहे आणि तो नुसती मशकवाद्याची पिपाणी ऐकली तरी बसतो. संताचा बैल तुझ्या पणजोबांपासून आपल्या गोठ्यात आहे. तो आपल्या हयातीत त्या मेव्हण्याकडे गेला, तर मी चर्चमध्ये कोणत्या बाकावर बसायचं?

आधीच्या बैलाला तू आणि बाबांनी मिळून शिकवलं होतं. कसं, एवढंच विचारते. केवळ उत्सुकता म्हणून.

आशीर्वाद राहिला. कागद पाठपोट भरला आणि दुसरा कागद काढावा इतकं काही विशेष नाही.

आई

७ एप्रिल

इओलान्दा,

तुमच्या पेस्काराच्या समुद्राचं चित्र असलेलं कार्ड मिळालं. मागची ओळही वाचली, “बाबांना विचार, त्यांनाच माहीत.” एवढ्यासाठी तिकीट लावलंस! निदान तब्येतीचं तरी लिहायचं होतंस, जागा होती.

बाबांना विचारलं. म्हणाले, “हळूहळू बसला.” झालं यांचं शिक्षण.

तेव्हा मीच हाती घेतलं. संताच्या बैलाला बायकांनी शिकवू नये असं कुठे लिहिलेलं नाही. आजवर कुणी शिकवलं नाही, इतकंच. सकाळी बाबा द्राक्षमळ्याकडे गेले की मी गोठ्यात जायची. मनात म्हटलं, नन्सच्या शाळेत आम्हाला तरी कसं शिकवलं? सिस्टर स्वतः करून दाखवायच्या. मग मी गोणपाट अंथरून त्याच्यासमोर गुडघे टेकायची, एक ‘नमो मारिया’ म्हणायची, आणि आमेन झालं की त्याला मीठ लावलेला मूठभर कोंडा. प्रार्थना कुठे वाया जात नाही, त्यामुळे बैल शिकला नसता तरी माझं नुकसान नव्हतं. शिवाय उपवासकाळ होताच.

पवित्र आठवड्यात एके सकाळी माझे गुडघे टेकतात न टेकतात तोच मोनसिन्योरने आधी एक पाय दुमडला, मग दुसरा, आणि खाली! डोळे अर्धे मिटलेले. मला रडू आलं, इओला. नेमके तेव्हाच बाबा विसरलेली कात्री न्यायला परत आले. दारात थांबून एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाले, “आता कोण कुणाला शिकवतंय?”

संध्याकाळपर्यंत दारूच्या गुत्त्यात सगळ्यांना कळलं होतं की पान्फिलोने बैल तयार केला. मी काही बोलले नाही. पुरुषमाणसाला तेवढं एक असू द्यावं.

आशीर्वाद. तुला एकटीला.

आई

२६ एप्रिल

इओलान्दा,

घात झाला.

काल चेझिदिओकाका परीक्षा घ्यायला आले. मेव्हण्याला बरोबर घेऊन आले, म्हणजे बघ. बाबांनी मोनसिन्योरला अंगणात आणलं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोरी सैल, काठी खाली, स्वतः ताठ उभे.

बैलही ताठ उभा.

“बसेल,” बाबा म्हणाले.

“घाई नाही,” चेझिदिओकाका म्हणाले. “आम्ही दुपारचं जेवून आलोय.”

मेव्हणा म्हणाला, “रात्रीचंही जेवून यायला हवं होतं.”

मोनसिन्योर बाबांकडे बघेना, चेझिदिओकाकांकडे बघेना. मान वळवून तो माझ्याकडे बघत होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हातातली कोंबड्यांच्या दाण्यांची टोपली मुद्दाम सांडली आणि “अगो बाई!” म्हणत दाणे वेचायला गुडघ्यांवर बसले. त्याबरोबर हा खाली. अगदी डोळे मिटून.

चेझिदिओकाकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मेव्हण्याचं तोंड उतरलं. बाबांनी छाती काढली. आणि मी तिथे मातीत बसून एकच दाणा पुन्हा पुन्हा वेचत होते.

का, ते तुला कळलंच असेल. पण तुझ्या खांद्यावरून जो वाचत असेल त्याच्या गावी असलं काही नाही, म्हणून खुलासेवार लिहिते. तीनशे वर्षांपूर्वी सान लिबेरोच्या अस्थी आपल्या शेतांमधून नेत होते, तेव्हा आपला एक माणूस नांगर धरून तसाच उभा राहिला. मिरवणूक आहे, असू दे, मला काम आहे, म्हणाला. गुडघे टेकले ते त्याच्या बैलाने. तेव्हापासून आपल्या गावाला ही शिक्षा आहे, आणि हाच मानही: त्या दिवशी आधी बैल, मग माणसं. बैल बसल्याशिवाय कोल्लेफावातला कुणीही, बिशप आला तर बिशपसुद्धा, गुडघा वाकवत नाही. आधी वाकला तर त्या वर्षीचं पीक गेलं असं धरतात.

आणि मी शिकवला आहे तो बैल, जो माणूस बसल्याशिवाय बसत नाही.

म्हणजे सणाच्या सोमवारी चौकात काय होणार? बैल माणसांची वाट बघणार, माणसं बैलाची. मूर्ती खांद्यावर घेतलेली पोरं घामाघूम होणार. रात्र होईल.

मी त्याला विसरायला लावायचा प्रयत्न केला. उभं राहून नमो मारिया म्हटली, दाराआडून म्हटली, कोंडा दुप्पट केला. कोंडा खातो आणि माझ्या गुडघ्यांकडे बघत राहतो. तुझ्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “तू त्याला ख्रिश्चन करून ठेवलंस, एर्सिलिया. आपल्याला बैल हवा होता.”

एक विचार मनात आला तो नुसता लिहून ठेवते. हा नियम गावच्या माणसांना आहे. परगावचा कुणी, ज्याला रीत ठाऊक नाही, तो पुढे उभा असेल आणि भक्तीच्या भरात म्हणा, बुटाची नाडी सुटली म्हणून म्हणा, खाली बसला, तर त्याला कोण काय म्हणणार? पण परगावचा माणूस आपल्या ओळखीत आहे कोण?

आशीर्वाद. आणि घरात आणखी कुणी असेल तर त्यालाही, उरला तर.

आई

१० मे

चि. इओलान्दास आशीर्वाद,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदाच चार पानी, आणि चारही पानांत एकच प्रश्न, “सरळ सांग, तुला रेनातो हवाय तो जावई म्हणून की बैलापुरता?”

असे वाकडे प्रश्न तू कुणाकडून शिकलीस? आमच्या घराण्यात नव्हतं हे.

मी त्याच्यावर का रागावले ते विसरले नाही. पहिल्यांदा मागणी घालायला आला, माझ्या हातची कॉफी प्यायला, आणि गोठ्यात उभा राहून तुझ्या बाबांना म्हणाला, “बाबा, हे सगळं विकून टाका. मी तुम्हाला ट्रॅक्टर हप्त्याने लावून देतो.” म्हाताऱ्या बैलासमोर म्हणाला! बैल ऐकत होता. तुमच्या लग्नाला मी आले नाही ती त्यामुळे. मुलगी ट्रॅक्टरवाल्याला दिली हे सान लिबेरोला सांगायला मला तोंड नव्हतं.

पण ते असो. मी एवढंच लिहिते की पेन्टेकॉस्टच्या सोमवारी दोघंही घरी या. सणाला घरची माणसं घरी असावीत. अंडी देईनाशी झालेली एक कोंबडी आहे, तिचं करीन. गोड पाव आदल्या दिवशी भाजीन.

येणारच आहात तर काही बारीकसारीक सूचना. रेनातोने चौकातल्या कारंज्याजवळ, अगदी पुढे उभं राहावं, तिथून छान दिसतं. पँट जुनी घालावी, कारण तिथे जमीन ओली असते. मूर्ती थांबली, मशकवादक वाजवायचा थांबला, की त्याला काय वाटेल ते त्याने करावं. मी काही सांगत नाही. परगावच्या माणसाला मोकळीक असते.

हे देवाला फसवणं आहे का, असं मी डॉन एर्मेतेंना आडून विचारलं. एका बाईने असं असं केलं तर? ते म्हणाले, “त्या बाईला सांग, बैल शिकवून बसवणं हेच मुळात देवाने आजवर फार मनावर घेतलेलं नाही.”

तुझे बाबा रोज बस थांब्यापर्यंत फिरून येतात. आजकाल त्यांना फिरायला आवडतं.

आई

२२ मे

चि. सौ. इओलान्दास,

तुम्ही बुधवारी गेलात तेव्हापासून घर मोकळं मोकळं झालंय. खरं तर झालं काय ते तू पाहिलंसच. पण तू चर्चच्या पायऱ्यांवर होतीस, आणि बैलाचं ढुंगण मध्ये होतं. माझ्या बाजूने काय घडलं ते तुला ठाऊक नाही, आणि तुझ्या नवऱ्याने तुला कितपत सांगितलं तेही मला ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

बस आली आणि रेनातो खाली उतरला तेव्हा मी आधी त्याची पँट बघितली. नवा करडा सूट! इस्त्री अशी की घडीने लोणी कापावं. मी तुझ्याकडे बघितलं तर तू खांदे उडवलेस. मला वाटलं, असो, ओल्यात बसेल, धुऊन देईन.

कारंज्याजवळ तो अगदी सांगितल्या जागी उभा राहिला. मी मुद्दाम त्याच्या शेजारी. मोनसिन्योर आला. शिंगांना लाल रिबिनी, पाठीवर देवदूताच्या पांढऱ्या कपड्यांत आपल्या आळीतली पिएरिना. तोंडात रीतीप्रमाणे कार्नेशनचं फूल, म्हणजे ती बोलणार नाही. मूर्ती आली. मशकवादक थांबला. बाबांनी दोरी सैल सोडली.

मोनसिन्योरने चौकभर नजर फिरवली. चारशे माणसं उभी. बिचाऱ्याला वाटलं असणार, अजून कुणीच सुरुवात केली नाही.

मी ओठ न हलवता म्हटलं, “रेनातो, आता.”

तो हलेना.

“रेनातो, नाडी बघ.”

“नाडी ठीक आहे, आई,” तो कुजबुजला.

“आई” म्हणाला तो मला. परवानगी न घेता. पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता.

“खाली बस की रे! तुला इओलान्दाने सांगितलं नाही का?”

“सांगितलं ना. परगावच्या माणसाला चालतं.”

“मग?”

“मग मी परगावचा नाही,” तो म्हणाला. “तुम्ही लिहिलंत, घरची माणसं घरी असावीत. ते पत्र मी तीनदा वाचलं. मी या घरचा जावई आहे, आणि बैल बसल्याशिवाय मी गुडघा वाकवणार नाही. रीत म्हणजे रीत.”

आणि असा ताठ उभा राहिला, जणू तीनशे वर्षं नांगर धरून तोच उभा होता!

इओला, त्याचा कान पिळावा असंही वाटलं आणि, खरं सांगते, दुसरंही काहीतरी वाटलं. मी त्याला परका म्हणून बोलावलं होतं आणि हा मूर्ख घरचा होऊन आला होता. सूट त्यासाठी होता. मी चिखलाचा विचार करत होते, आणि तो सासुरवाडीचा पहिला सण म्हणून नटून आला होता.

तोवर मूर्तीखालच्या पोरांचे पाय लटपटायला लागले होते. मेव्हणा हसायला लागला होता. पिएरिनाने फूल थुंकून सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, “बसतच नाहीये हा!” चेझिदिओकाका म्हणाले, “पान्फिलो, पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आण. तो निदान बंद पडून बसेल तरी.” माणसं हसली. मी तुझ्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना बैलासमोर मान खाली घालताना पाहिलं नव्हतं.

मग मी बसले.

कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. तू तसं लोकांना सांगत होतीस ते मी ऐकलं. तुझा हेतू चांगला होता, पण ते खोटं आहे. माझ्या एकुलत्या एका रेशमी झग्यासकट मी चिखलात गुडघे टेकले आणि मोठ्याने म्हटलं, “नमो मारिया.” मोनसिन्योरच्या डोळ्यांत असं काही आलं, जणू चारशे अनोळखी लोकांत त्याला एक ओळखीचा चेहरा दिसला. एक पाय, दुसरा पाय, आणि खाली. डोळे मिटून. त्याच्यामागे सगळा चौक. मेव्हणा शेवटी.

रेनातो सगळ्यांबरोबर बसला. एक क्षणही आधी नाही. सुटाचं वाटोळं झालं. उठताना त्याने माझा दंड धरून मला उभं केलं आणि कानात म्हणाला, “आई, मी काही पाहिलं नाही.” त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी बसले. माफी मागायला. तसं नव्हतं हे तुला मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. मी बैलासाठी बसले. पण त्याला ते सांगू नकोस. बुधवारपर्यंत तो इतका आनंदात होता की कोंबडी शिजली नव्हती तरी दोनदा मागून घेतली.

आता पुढचं, जे तुम्ही गेल्यावर झालं. काल बंधुमंडळाची बैठक भरली. मेव्हण्याने तक्रार केली होती की एर्सिलिया आधी बसली, तेव्हा पीक गेलं आणि बैलाचा मानही त्या घरातून गेला. मला बोलावलं. मी कबूल करायच्या तयारीने गेले होते. खोटं बोलणार नव्हते. पण मला कुणी विचारलंच नाही. चेझिदिओकाकांनी डॉन एर्मेतेंना विचारलं, “फादर, आधी कोण?”

ते म्हणाले, “मी संताकडे बघत होतो. तुम्ही त्या वेळी कुठे बघत होता?”

खोलीत बसलेल्या एकालाही ‘मी बाईकडे बघत होतो’ म्हणण्याची छाती झाली नाही. चेझिदिओकाकाही संताकडेच बघत होते म्हणे. फक्त मेव्हणा म्हणाला, “मी बघितलं!” तेव्हा त्याची बायको मागून ओरडली, “म्हणजे मूर्ती समोर असताना तू एर्सिलियाकडे बघत होतास?” विषय तिथेच संपला.

आणि पिकाचं म्हणशील, तर मोनसिन्योरला रीतीप्रमाणे चर्चमध्ये नेल्यावर त्याने वेदीसमोर जे केलं ते तू पाहिलंसच. इतकं भरघोस शेण गेल्या पंचवीस वर्षांत कुठल्या बैलाने टाकलं नाही, असं म्हातारे म्हणतात. जितकं शेण तितका दाणा, अशी जुनी खूण आहे, तेव्हा यंदा भरपूर येणार. देवाने स्वतः निकाल दिल्यावर माणसं कशाला वाद घालतील? बैल आपल्याकडेच राहिला. शेण मी मागून घेतलं, टोमॅटोच्या वाफ्याला घातलं.

पापनिवेदनात मी सगळं सांगितलं. डॉन एर्मेतेंनी तीन नमो मारिया सांगितल्या आणि म्हणाले, “उभ्याने म्हण.”

सूट इकडे पाठवून दे. असला डाग शहरातल्या लॉन्ड्रीवाल्यांना निघायचा नाही, उगाच पैसे घेतील. मी राख आणि व्हिनेगर लावून काढते. आणि रेनातो जाताना बाबांना ट्रॅक्टरचं चित्र असलेलं पुस्तक देऊन गेलाय ते मला सापडलं आहे. उशीखाली होतं. मी काही बोललेले नाही. अजून.

एकच काळजी राहिली. मोनसिन्योर आता बदलायचा नाही. आज सकाळीही माझे गुडघे टेकल्याशिवाय त्याने वाकून बघितलं नाही. मला काही दर वर्षी चिखलात बसून सगळ्या गावाला संताकडे बघायला लावता येणार नाही. तेव्हा तुमच्या तिकडे कुणी सज्जन, भाबडा, गुडघे शाबूत असलेला माणूस ओळखीचा असेल तर हेरून ठेव. परका हवा. जावईबापू आता त्या कामाचे राहिले नाहीत.

दोघांनाही आशीर्वाद, या कागदावर मावतील तितके.

तुझी आई
एर्सिलिया